पहिल्यांदा जकात काढताना : हिशेब, हक्कदार आणि मनाची तयारी

मराठीत ‘जकात’ म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांसमोर शहराच्या वेशीवरचा नाका उभा राहतो. मुंबईच्या नाक्यांवरची ती जकात २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाली, पण शब्दाला चिकटलेली कराची छाया गेलेली नाही. मी इथे बोलते आहे ती इस्लाममधली जकात, म्हणजे आपल्या मालातून दरवर्षी गरजूंसाठी काढायचा अनिवार्य वाटा. मला नोकरी लागली त्या वर्षी तिच्याबद्दल माझ्याही मनात कराचाच भाव होता : अडीच टक्के भरायचे आणि मोकळे व्हायचे. अरबीत या शब्दाच्या मुळाशी शुद्ध होणे आणि वाढणे असे दोन अर्थ आहेत. कुरआनातल्या सूरह तौबाच्या १०३व्या आयतीत प्रेषितांना सांगितले आहे की, लोकांच्या मालातून सदका (दान) घ्या, त्याने तुम्ही त्यांना स्वच्छ कराल आणि शुद्ध कराल. शुद्ध होणार तो देणारा, घेणारा नव्हे, हे त्या आयतीतले साधे व्याकरण माझ्या लक्षात यायला काही वर्षे गेली.

हा लेख प्रथमच जकात काढणाऱ्यांसाठी आहे : नुकतीच कमाई सुरू झालेली मुले-मुली, लग्नात सोने मिळालेल्या सुना, आणि आजवर घरातल्या थोरांनी परस्पर हिशेब केल्यामुळे स्वतः कधी कागद हाती न घेतलेले लोक. माझे माहेर कोकणातले, म्हणजे शाफई मजहबचे (मजहब म्हणजे धर्मनियमांची परंपरा), आणि सासर घाटावरचे, हनफी मजहबचे. त्यामुळे आमच्या घरात एकाच रात्री एकाच टेबलावर दोन पद्धतींनी हिशेब होतो आणि दोन्हींतले फरक मला जवळून पाहायला मिळाले आहेत. मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राची जाणकार, नाही. जिथे मतभेद आहे तिथे तो सांगितला आहे आणि तिथे तुमच्या मजहबच्या मुफ्तींना (धर्मनियमांवर निर्णय देणाऱ्यांना) विचारूनच पुढे जावे.

बसण्यापूर्वी हाताशी काय ठेवावे

- सर्व बँक खात्यांची पासबुके किंवा उतारे, मुदत ठेवींच्या पावत्या
- सोन्याचांदीच्या खरेदीच्या पावत्या. त्या नसतील तर सराफाकडून वजन करून घेतलेली चिठ्ठी
- त्या दिवसाचा सोन्याचा आणि चांदीचा भाव
- तुम्ही कोणाला उसने दिले आहे आणि कोणाचे देणे लागता याची यादी
- दुकान असेल तर विक्रीच्या मालाची यादी
- हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र, कॅलेंडर आणि एक वही

वही नक्की ठेवा. मोबाइलमध्ये केलेला हिशेब पुढच्या रमजानपर्यंत टिकत नाही, निदान माझा टिकला नाही.

१. आधी नियत, मग आकडे

जकात ही नमाजसारखीच इबादत (उपासना) आहे, म्हणून तिला नियत, म्हणजे मनातला हेतू, लागते. देताना, किंवा रक्कम बाजूला काढताना, ‘ही माझ्या मालाची जकात आहे’ हे मनात असले पाहिजे. वर्षभर सहज दिलेले पैसे शेवटी एकत्र करून ‘ती सगळी जकात धरू’ असे म्हणता येत नाही, कारण देताना तशी नियत नव्हती. नवखे लोक सर्वांत जास्त इथेच अडतात.

नियतीबरोबर आणखी एक गोष्ट मनात पक्की करावी. सूरह मआरिजमध्ये श्रद्धावंतांचे वर्णन करताना म्हटले आहे की, त्यांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा एक ठरलेला हक्क असतो. जी रक्कम तुम्ही काढणार आहात ती तुमच्याकडे होती, पण तुमची नव्हती. पुढची प्रत्येक पायरी ही गोष्ट धरून चालली तर सोपी जाते.

२. तारीख ठरवा आणि ती हिजरीच असू द्या

निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा. निसाबएवढा माल तुमच्याकडे ज्या दिवशी प्रथम जमला, त्या हिजरी तारखेपासून चांद्रवर्ष मोजायचे. ते पूर्ण झाले की जकात देय होते. हनफी मतानुसार वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला की पुरे; शाफई मतानुसार तो वर्षभर टिकलेला असावा लागतो. पहिला दिवस आठवत नसेल तर प्रामाणिक अंदाजाने एक तारीख ठरवा आणि दरवर्षी तीच पाळा.

रमजानमध्ये सवाब (पुण्य) अधिक म्हणून बहुतेक लोक १ रमजान धरतात, त्यात वावगे काही नाही. पण तुमचे वर्ष आधीच सफर महिन्यात पूर्ण झाले असेल, तर रमजानची वाट पाहत हक्कदाराचा पैसा स्वतःच्या खात्यात ठेवणे योग्य नाही. उलट बाजूने मोकळीक आहे : निसाब पूर्ण असेल तर वर्ष संपण्याआधीच जकातीच्या नियतीने थोडे थोडे देत राहता येते, आणि पगारदारांना ते सोयीचेही पडते.

इंग्रजी वर्षाने, ३१ मार्चला, हिशेब करण्याचा मोह टाळा. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. तेहतीस इंग्रजी वर्षांत चौतीस हिजरी वर्षे होतात, म्हणजे नोकरीच्या आयुष्यात एका पूर्ण वर्षाची जकात नकळत राहून जाते.

३. निसाब तपासा

सोन्याचा निसाब साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. रोख रकमेसाठी आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती चांदीचा निसाब धरायला सांगतात, कारण त्याने गरजूंच्या वाट्याला अधिक येते. समजा, चांदी ग्रॅमला १०० रुपये असेल तर निसाब होतो ६१,२३६ रुपये. खरा भाव त्या दिवशीचा घ्यावा.

‘माझ्याकडे साडेसात तोळे सोने नाही, म्हणजे मला जकात नाही’ हे वाक्य मी किती घरांत ऐकले असेल! चार तोळे सोन्याबरोबर बँकेत काही हजार रुपयेही असतील, तर हनफी मतानुसार दोन्हींची किंमत एकत्र धरून ती चांदीच्या निसाबाशी ताडायची असते. त्या हिशेबाने जकात लागू होते.

४. काय धरायचे, काय सोडायचे

धरायचे : घरातली रोकड, बचत खाते, मुदत ठेवीची मुद्दल, सोन्याची नाणी आणि वळी, परत मिळण्याची खात्री असलेली उसनवारी, दुकानातला विक्रीचा माल (त्या दिवशीच्या विक्रीच्या किमतीने), आणि पुन्हा विकण्यासाठीच घेतलेला भूखंड किंवा शेअर. दीर्घ मुदतीसाठी ठेवलेले शेअर आणि म्युच्युअल फंड यांच्या हिशेबात मतभेद आहेत. भविष्य निर्वाह निधीची सक्तीने कापली जाणारी रक्कम हाती येईपर्यंत तिच्यावर जकात नाही, असे आपल्याकडच्या अनेक मुफ्तींचे मत आहे. स्वखुशीने जादा भरलेल्या रकमेबद्दल वेगळे विचारून घ्यावे.

सोडायचे : राहते घर, वापरातली गाडी, कपडे, भांडी, फ्रीज, शिलाई मशीन, कामाची अवजारे. भाड्याने दिलेल्या खोलीच्या किमतीवर जकात नाही. तिच्या भाड्यातून जे शिल्लक राहते ते रोकडीत येते.

बँकेचे व्याज हा स्वतंत्र विषय आहे. ते जकातीच्या मालात धरायचे नाही आणि जकात म्हणून द्यायचेही नाही. ते वेगळे काढून, सवाबची अपेक्षा न ठेवता, गरजूला देऊन टाकायचे. पहिल्या वर्षी मी व्याजाची रक्कमच जकात म्हणून दिली होती आणि दोन्ही कामे एका फटक्यात झाली असे समजले होते. चूक कळल्यावर त्या वर्षाची जकात पुन्हा काढली. तसेच, आयकर भरला म्हणून जकात फिटत नाही. ती दोन वेगळी देणी आहेत.

५. दागिने आणि कर्ज : दोन मजहब, दोन हिशेब

हनफी मतानुसार स्त्रीचे सोन्याचांदीचे दागिने वापरातले असोत वा कपाटातले, त्यांवर जकात आहे. शाफई मतानुसार रिवाजाप्रमाणे प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या दागिन्यांवर नाही, पण अडीअडचणीला किंवा गुंतवणूक म्हणून साठवलेल्या सोन्यावर आहे. कोकणातल्या घरांत ‘आपल्यात दागिन्यांची जकात नसते’ असे सरसकट सांगितले जाते. लग्नानंतर एकदाही न उघडलेल्या डब्यातल्या पाटल्या ‘वापरातल्या’ आहेत का, याचे उत्तर प्रत्येकीने स्वतःशी खरेपणाने द्यावे.

दागिने जिचे, जकात तिच्यावर. नवऱ्याने बायकोच्या परवानगीने तिच्या वतीने भरली तर ती अदा होते, पण ‘ते बघतील’ म्हणून तिची जबाबदारी संपत नाही. हाती रोकड नसेल तर थोडे थोडे करून द्यावी किंवा एखादा लहान दागिना मोडावा. माझ्या सासूबाईंनी एका वर्षी कानातल्या कुड्यांची जोडी सराफाला दिली. आम्ही पैसे देऊ केले तर म्हणाल्या, ‘‘सोनं माझं आहे ना? मग त्याचा हिशेबही माझ्या सोन्यातूनच जाऊ दे.’’

कर्जाबाबतही फरक आहे. हनफी पद्धतीत तात्काळ देय असलेली देणी एकूण मालातून वजा होतात. घरकर्जासारख्या लांब मुदतीच्या कर्जाची पूर्ण रक्कम वजा करावी की चालू हप्ते, हे मुफ्तींना विचारावे. शाफई मजहबच्या प्रचलित मतानुसार कर्जामुळे जकात कमी होत नाही.

६. प्रत्यक्ष हिशेब

उदाहरणासाठी धरलेले आकडे असे : बचत खात्यात १,८०,००० रुपये, त्यातले ४,००० व्याजाचे, म्हणून उरले १,७६,०००. घरात रोख १२,०००. मुदत ठेवीची मुद्दल २,००,०००. मामेभावाला उसने दिलेले ४०,०००. दहा ग्रॅमचे सोन्याचे नाणे, भाव ग्रॅमला ८,००० धरल्यास ८०,०००. एकूण ५,०८,००० रुपये. वाण्याचे आणि दवाखान्याचे देणे ८,०००.

हनफी पद्धतीने देणे वजा करून ५,००,००० उरतात. चाळीसने भागल्यावर जकात १२,५०० रुपये. शाफई पद्धतीने देणे वजा न करता ५,०८,००० भागिले चाळीस, म्हणजे १२,७००. अडीच टक्के म्हणजेच चाळिसावा भाग, हे लक्षात ठेवले की यंत्र लागत नाही. हिशेब झाला की रक्कम त्याच दिवशी वेगळी काढावी. खात्यातच राहिली तर ती हळूहळू पुन्हा ‘आपली’ वाटू लागते.

७. हक्कदार शोधा

सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत आठ वर्ग नेमून दिले आहेत : फकीर आणि मिस्कीन (दोन्ही गरिबांचेच वर्ग), जकात गोळा करण्याचे काम करणारे, ज्यांची मने जोडायची आहेत ते, गुलामीतून सुटका, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटेत अडकलेला प्रवासी. आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या ओळखीत यांतले गरीब, मिस्कीन आणि कर्जबाजारीच मुख्यतः येतात.

आईवडील, आजीआजोबा, मुले आणि नातवंडे यांना जकात देता येत नाही, आणि नवरा बायकोला देऊ शकत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे मुळातच आपले कर्तव्य आहे. सय्यद, म्हणजे प्रेषितांच्या, घराण्यातल्यांनाही ती देत नाहीत. त्यांची मदत जकातीशिवायच्या पैशातून, मानाने करावी. मशिदीचे बांधकाम, कब्रस्तानची भिंत, रस्ता यांसाठी बहुसंख्य आलिमांच्या मते जकात चालत नाही. जकात मुस्लिम गरजूंसाठी आहे, पण ऐच्छिक सदका शेजारच्या कोणालाही देता येतो आणि द्यावाही.

भाऊ, बहीण, काका, मावशी, आत्या, चुलत-मामे भावंडे गरजू असतील तर त्यांना देता येते, आणि हदीसप्रमाणे (प्रेषितांच्या वचनांप्रमाणे) त्यात दुहेरी सवाब आहे : दानाचा आणि नाते जोडण्याचा. ‘तुम्हाला जे प्रिय आहे त्यातून खर्च करीपर्यंत तुम्ही नेकी गाठणार नाही’ ही आयत उतरली तेव्हा मदीनेतल्या अबू तलहांनी आपली सर्वांत आवडती बैरुहा नावाची बाग अल्लाहच्या मार्गात देऊ केली, आणि प्रेषितांनी (स.) त्यांना ती नातेवाइकांतच वाटायला सांगितली. ती जकात नव्हती, ऐच्छिक दान होते, पण दिशा तीच आहे. आपण मात्र दूरच्या संस्थेला ऑनलाइन पैसे पाठवतो आणि विधवा आत्याच्या घरी रिकाम्या हाताने जातो.

इथले सापळे असे. घरकाम करणाऱ्या बाईंना ईदचा बोनस किंवा पगारवाढ म्हणून जकात देऊ नका. कामाच्या मोबदल्यात दिलेला पैसा जकात होत नाही. त्या गरजू असतील तर पगार, बोनस वेगळा आणि जकात वेगळी. बुडालेली उसनवारी ‘माफ केली, हीच जकात’ असेही बहुसंख्य आलिमांच्या मते चालत नाही. इफ्तारच्या पंगतीचा खर्च हनफी मतानुसार जकातीतून होत नाही, कारण घेणाऱ्याला वस्तूची मालकी मिळावी लागते. शिध्याच्या पिशव्यांबाबत शाफई मत कडक आहे, पैशाची जकात पैशातच द्यावी असे ते सांगते. रोख रक्कम दिली की दोन्ही मजहबांत प्रश्न उरत नाही, आणि घेणाऱ्याला तेल हवे की औषध हे त्याचे तो ठरवतो.

संस्थेमार्फत देणार असाल तर तीन गोष्टी विचारा : जकातीचे खाते वेगळे आहे का, ती किती दिवसांत वाटली जाते, आणि कार्यालयाचा खर्च कुठून भागतो. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको. रमजानमध्ये मदरशांचे सफीर, म्हणजे निधी गोळा करणारे प्रतिनिधी, पावतीपुस्तक घेऊन येतात, त्यांच्याकडचा तस्दीकनामा (खात्रीचा दाखला) आदराने पाहायला मागावा. खरा सफीर तो स्वतःहून पुढे करतो.

८. देण्याची रीत

पहिल्या वर्षी मी एका पाकिटावर निळ्या शाईने ‘जकात’ असे लिहिले आणि सत्ताविसाव्या रोज्याच्या संध्याकाळी ते आमच्या इमारतीत राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईंच्या हातात जिन्यातच दिले. इफ्तारची ताटे घेऊन दोघी-तिघी शेजारणी तिथे उभ्या होत्या. बाईंनी पाकीट पटकन ओढणीखाली घेतले, ‘‘अल्लाह बरकत देवो,’’ म्हणाल्या आणि दार लोटून घेतले. ईदनंतर मी त्यांच्याकडे दोन कुर्त्यांना दुमड घालायला दिली. पैसे विचारले तर मान खाली घालून म्हणाल्या, ‘‘राहू द्या, तुम्ही दिलं होतंत ना तेव्हा.’’ मी कितीही म्हटले तरी त्यांनी मजुरी घेतली नाही. अल्लाहने त्यांना दिलेला हक्क मी त्यांच्यावरचे कर्ज करून ठेवला होता आणि त्या तो सुईने फेडत होत्या.

म्हणून सांगते. पाकिटावर काही लिहू नका. घेणाऱ्याला ‘ही जकात आहे’ असे सांगणे आवश्यक नाही. नियत तुमच्या मनात असली की पुरे. ईदी म्हणा, मुलांच्या वह्यांसाठी म्हणा. शक्य असेल तर बँक खात्यात किंवा यूपीआयने पाठवा, नाहीतर स्वतः घरी जाऊन एकांतात द्या. त्यांना आपल्या दाराशी बोलावू नका. नव्या, स्वच्छ नोटा द्या. सूरह बकरामध्ये बजावले आहे की, जे तुम्ही स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही असे निकृष्ट देण्यासाठी निवडू नका. वाटपाचे फोटो काढू नका, दुसऱ्या कोणी काढले तरी पुढे पाठवू नका. अल्लाहच्या छायेत जागा मिळणाऱ्या सात प्रकारच्या लोकांत प्रेषितांनी (स.) असा माणूस सांगितला आहे, ज्याचा उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला कळत नाही.

९. दिल्यानंतर मनाकडे लक्ष ठेवा

हिशेबापेक्षा ही पायरी मला अवघड गेली आणि अजूनही जाते. सूरह बकराच्या २६४व्या आयतीत सांगितले आहे की, उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपले दान वाया घालवू नका. तसे देणारा म्हणजे गुळगुळीत कातळावरची माती, एक जोराची सर आली की कातळ उघडा. कोकणात सड्यावर पहिल्या पावसात हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

उपकार नेहमी तोंडाने बोलून दाखवला जातो असे नाही. ज्याला दिले त्याने सलाम आधी करावा असे वाटणे, त्याच्या मुलाच्या हातात महाग मोबाइल दिसला की कपाळावर आठी येणे, त्याने आपल्या मताविरुद्ध बोलू नये असे वाटणे, ही त्याचीच रूपे आहेत. इमाम गजालींनी, जे स्वतः शाफई होते, यावर उपाय सांगितला आहे : गरजू माणूस तुमच्यावर उपकार करतो आहे असे समजा, कारण तुमच्या मालातला अल्लाहचा हक्क स्वीकारून तो तुम्हाला शुद्ध करतो. मी हे एका साध्या कृतीत आणले आहे. ज्या महिन्यात कोणाला देते त्या महिन्यात त्यांच्यासाठी दुआ करते आणि त्यांच्याकडून दुआ मागत नाही. सूरह दहरमधले भुकेल्याला जेवू घालणारे लोक म्हणतात, ‘आम्हाला तुमच्याकडून ना मोबदला हवा, ना आभार.’ मी आभाराचे शब्द कानावर येण्याआधीच विषय बदलते.

हात आखडत असेल तर एक हदीस आठवावी. प्रेषितांच्या (स.) घरी बकरी कापून वाटली गेली. काय उरले असे त्यांनी विचारल्यावर त्यांच्या पत्नी हजरत आयेशा म्हणाल्या, फक्त खांदा उरला. ते म्हणाले, ‘‘खांदा सोडून सगळे उरले.’’

१०. फित्रा आणि रोजचा सदका

फित्रा, म्हणजे रमजान संपताना गरजूंना द्यायचे दान, जकातीहून वेगळा आहे आणि ईदच्या नमाजपूर्वी पोहोचला पाहिजे. नंतर दिला तर तो साधा सदका होतो. घरातल्या प्रत्येकाच्या, ईदच्या आदल्या दिवशी जन्मलेल्या बाळाच्याही, वतीने तो काढतात. शाफई पद्धतीत एक साअ (धान्याचे जुने माप), म्हणजे सुमारे अडीच ते तीन किलो, मुख्य धान्य. कोकणात अर्थातच तांदूळ, आणि घरात शिजतो त्याच प्रतीचा. हनफी पद्धतीत अर्धा साअ गहू, सुमारे पावणेदोन किलो, किंवा त्याची किंमत. गावची जमात किंवा मशीद दरवर्षी रक्कम जाहीर करते. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका, घेणाऱ्यालाही ईदचा बाजार करायचा असतो.

ज्यांच्यावर जकात लागू होत नाही त्यांनी स्वतःला या वाटेबाहेरचे समजू नये. वाटेतला काटा दूर करणे आणि भावाकडे हसऱ्या चेहऱ्याने पाहणे यांनाही हदीसमध्ये सदका म्हटले आहे.

११. नोंद

वहीत हिजरी तारीख, त्या दिवसाचे भाव, एकूण माल, जकातीची रक्कम आणि दिलेले हप्ते लिहा. घेणाऱ्यांची नावे लिहू नका. हप्त्यासमोर तारीख आणि आकडा पुरे. शेवटच्या ओळीत पुढच्या वर्षीची हिजरी तारीख लिहून ठेवा आणि ती वही कुठे आहे ते घरात आणखी एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या माघारी एखाद्या वर्षाची जकात थकलेली असेल तर वारसांना ती फेडता येईल.